पूजेतली बंदूक

सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांची थुंकी, रक्त आणि लघवी तपासण्यात वनमालाची सगळी नोकरी गेली. त्यामुळे किळस हा प्रकार तिला फारसा ठाऊक नव्हता. निवृत्तीनंतर तो तिला घरात भेटला, आणि तोही स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्याशेजारी.

बंदूक आली ती भैंशाहून. तिचा नवरा हेमचंद्र पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाला होता. निजामाच्या कचेरीत कारकुनी करायला म्हणून आदिलाबादेत आलेलं हे घराणं. पिढ्यान्‌पिढ्या टेबलाशी बसलेलं. त्यात कुणी कधी उंदीरसुद्धा मारल्याचं ऐकिवात नव्हतं. नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, त्यांची थोडी जमीन होती. ती पंढरी आणि त्याची बायको बयनाबाई बटईनं करत. तिथं रानडुकरांचा सुळसुळाट झाला. मका कणसावर आला की कळपच्या कळप येत, खात थोडा आणि लोळवत जास्त. परवानाधारक बंदूकवाला असेल तर सरपंच डुक्कर मारायची परवानगी देतात, एवढं हेमचंद्राच्या कानावर आलं आणि त्याला निवृत्तीनंतरचं काम सापडलं. पीकरक्षणाच्या परवान्यासाठी त्यानं अर्ज केला. कुणाला वाटलं नव्हतं, पण जुन्या ओळखी कामी आल्या आणि परवाना मिळाला.

मग बंदूक शोधणं आलं. नवी घ्या, हलकी घ्या, असं सगळे सांगत होते. हेमचंद्राला फौजेतलीच हवी होती.

बासरला सरस्वतीचं दर्शन घेऊन परतताना त्यानं गाडी भैंशात एका जुन्या कापूस व्यापाऱ्याच्या दारात उभी केली. व्यापाऱ्याच्या आजोबांनी फौजेच्या मोडीच्या लिलावात ती घेतली होती. गाठींच्या गोदामामागच्या खोलीतून एक लांबट लाकडी पेटी आली. झाकण उघडताच असा वास सुटला की वनमालानं पदर नाकाला लावला. बकऱ्याची चरबी, घासलेट आणि मेलेली पाल यांचं मिश्रण. आत काळ्यापिवळ्या घट्ट ग्रीसमध्ये बंदूक रुतून पडलेली. जुन्या गुळाच्या ढेपेत मुंगळा रुतावा तशी.

"फौज का माल है साब," व्यापारी म्हणाला. "अंग्रेज के हात का. ऐसा लोहा अब बनताच नै."

हेमचंद्रानं बोटानं ग्रीस खरवडलं आणि नाकाशी नेलं. डोळे मिटून वास घेतला. "वनमाला, हे बघ. लढाईच्या वेळचं ग्रीस आहे."

"मग लढाईतच राहू द्यायचं होतं."

व्यापारी हसला. हेमचंद्र हसला नाही.

ती मूळची रायफल, पण पुढं कुणीतरी नळीच्या आतले पीळदार चर घासून काढले होते, म्हणून आता कायद्यानं साधी बंदूक. व्यापाऱ्यानंच हे सांगितलं, लपवलं नाही. गोळी लांबवर सरळ जात नाही, जवळूनच मारायची, हेही सांगितलं. हेमचंद्राचं लक्ष दस्त्यावर कोरलेल्या आकड्यांकडं होतं. त्यानं नळी उजेडाकडं धरून आत डोकावून पाहिलं. "आरशासारखी आहे," तो म्हणाला. मग वनमालानं पाहिलं. सूक्ष्मदर्शकाला लागलेला डोळा तो. आत देवी आलेल्या माणसाच्या गालासारखे खड्डे होते.

"आत खाल्लीय गंजानं," ती म्हणाली.

"तुला बंदुकीतलं काय कळतं?"

तिला बंदुकीतलं कळत नव्हतं, खड्ड्यांतलं कळत होतं. पण व्यवहार होऊन गेला.

घरी आल्यावर जे सुरू झालं त्याला हेमचंद्र निगा म्हणे. ग्रीस उतरवायला कढत पाणी लागे, आणि ते गॅसवरच तापे. नरसाळ्यानं तो ते नळीत ओती आणि दुसऱ्या टोकानं काळं, तवंग आलेलं पाणी भांड्यांच्या मोरीत पडे. वनमालानं मोरी सोड्यानं घासली, चिंच लावली, तरी संध्याकाळी भात वाफेला आला की मोरीतून तो चरबीचा वास वर येई. दस्ता त्यानं गच्चीवर उन्हात ठेवला. उन्हानं लाकूड पाझरायला लागलं. काळा, चिकट रस. कुणाकुणाच्या तळहातांचा घाम, कुणाच्या गालाची चरबी, कोण जाणे आणखी काय. हेमचंद्र तो चिंधीनं टिपून घेई आणि ती चिंधी तिला दाखवी. चिंध्या तिच्याच दोन सुती साड्यांच्या होत्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या म्हणून त्यानं त्याच निवडल्या. मग जवसाचं तेल चोळणं. रोज, तळहातानं, तापेपर्यंत. त्या हातानं तो जेवायला बसे. नखांत काळी रेघ.

"हात धुतलेत मी."

"दिसतायत."

लग्नानंतर वनमालाला टायफॉइड झाला होता, तेव्हा या माणसानं तिच्या कपाळावर एकदा हात ठेवला होता आणि थर्मामीटर कुठं आहे ते विचारलं होतं. हे तिला आठवावं असं नव्हतं. पण दिवाणावर, दुहेरी चादर घालून, बंदुकीला आडवी ठेवून तो तिच्या नळीवरून चिंधी फिरवायला लागला की ते आठवे.

एकदा महिपतराव बंदूक बघायला आले. बँकेतून निवृत्त, हेमचंद्राचे शाळासोबती. बारशाला यावं तसे आले, फक्त कुंची आणली नव्हती.

"हेमचंद्रराव, हिच्यानं किती माणसं गेली असतील हो?"

"सांगता येत नाही." हेमचंद्राचा चेहरा खुलला. "पण गेली असणार."

"मला तर वाटतं बर्माच्या आघाडीवरची असावी."

"शक्य आहे. वजन बघा ना. हातात घ्या."

महिपतरावांनी ती हातात घेतली, खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. वनमाला चहा घेऊन आत आली तशी नळी तिच्याकडं वळली. महिपतराव हसत हसत "सॉरी वहिनी" म्हणाले आणि कप उचलला. ती ट्रे तिथंच ठेवून आत गेली. चहात साखर घालायची राहिली होती. तिनं ती तशीच राहू दिली.

अष्टमीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर शेतावर गेली, कारण बयनाबाईनं तिला चवळीच्या शेंगा न्यायला बोलावलं होतं. रस्त्यानं पोरी-बायका बतुकम्माच्या फुलांच्या सणासाठी तंगेडूची, म्हणजे तरवडाची, पिवळी फुलं ओच्यात घेऊन चालल्या होत्या. दिवस कलला तेव्हा हेमचंद्र मक्याच्या कडेला, गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला. पंढरी त्याच्या शेजारी.

वनमाला आणि बयनाबाई खोपीपाशी शेंगा सोलत होत्या, तिथवर पंढरीचा आवाज येत होता. "मालक, अजून जवळ चाला ना. इथून नाई व्हत."

"अरे, फौजेची आहे ही."

"फौजेची असन. पन थे डुक्कर काई फौजेचं नाई, थे पुढं येऊन उभं नाई राहनार."

मग आवाज झाला. झाडावरचे बगळे उठले. त्यामागून जो आवाज आला तो वनमालानं आधी माणसाचाच समजला. लांब, चिरका, मध्ये मध्ये तुटणारा.

हेमचंद्र खोपीकडं आला तो तोंडभर हसत. "लागली!"

"लागली," मागून पंढरी म्हणाला. "पन पडलं नाई. मांगचं अंग फरफटवत मक्यात घुसलं. मालक, चाला, दुसरी हाना. आता उजेड हाये."

"रक्त जाऊन मरेल ते आपोआप."

"आन नाई मेलं तं?"

"मरतंच." हेमचंद्रानं नळीला हात लावून पाहिला. "नळी तापलीय. लगेच साफ केली नाही तर दारूची राख आत धरते आणि गंज चढतो. वनमाला, चल."

बयनाबाई शेंग सोलता सोलता थांबली. "बाप्पा! डुक्कर राह्यलं बाजूले, आन आधी बंदुकीची आंघोळ."

हेमचंद्रानं ते ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत मक्यातून ते कण्हणं येत होतं. मग त्यानं काचा वर घेतल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हेमचंद्रानं सकाळीच चौरंग मांडला. त्यावर त्याची जुनी मोजमापाची पेटी, गाडीची किल्ली, वनमालाची शिवणाची कात्री, आणि मधोमध बंदूक. नळीला हळदकुंकवाचे पट्टे, दस्त्यावर झेंडूची माळ, खटक्यावर अक्षता. एवढ्यात वनमालाचा फोन वाजला. बयनाबाई होती.

"बाई, थे डुक्कर मेलं नाई. मक्याच्या मधात बसलं हाये. पंढरी पाहाले गेला तं अंगावर आलं, पाय ओढत पन आलं. मजूर बाया बांधावर बसून राह्यल्या, आत पाय टाकत नाई. आज तोडनी नाई झाली तं या बाया सनाले जातीन, मंग कोन येते? तवर मका तसाच उभा. वरून आभाळ भरून राह्यलं. मालकाले पाठवा ना. परवान्याची बंदूक त्याईचीच."

फोन ठेवून वनमालानं हेमचंद्राला सगळं सांगितलं. तो निरांजनात वात ठेवत होता.

"आज कसं जमेल? पूजेत मांडलंय शस्त्र. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत ते."

"जनावर जिवंत आहे. बायका बांधावर बसल्यात."

"नवमीला हत्यार उचलायचं नसतं, वनमाला. आमच्या घरात पाळतात हे. तुमच्याकडं नसतील पाळत."

"तुमच्या घरात आजवर हत्यार होतं कुठं? टाक आणि दौत पुजत होते तुमचे आजोबा."

त्यानं काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. वनमालानं त्याच्या हातांकडं पाहिलं. तिसरी काडी त्यांत उलटी धरलेली होती. तेव्हा तिला कळलं की हे धर्माचं नाही. कळल्यावर तिला कीव यायला हवी होती. भिणाऱ्या माणसाची कीव येतेच. पण तो झेंडूची माळ पुन्हा सरळ करायला लागला, एकेक फूल बोटानं फिरवून, आणि तिला आली ती किळस.

ती बसनं गेली. नेरडीगोंड्याला उतरून ऑटोनं शेतावर पोचली तेव्हा बांधावर सात-आठ बाया विळे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मका वाळून कडक झाला होता. वारा आला की पानं कागदासारखी वाजत, आणि वारा थांबला की मधोमध कुठंतरी ते कण्हणं.

"मालक?" पंढरीनं विचारलं.

"येत नाहीत. बंदूक पूजेत आहे."

बांधावरची एक बाई फिस्सकन हसली. पंढरी हसला नाही. त्यानं खोपीकडं पाहिलं. तिथंही एका पाटावर विळे, कुऱ्हाड, वखराची पास मांडून त्यांना कुंकू लावलं होतं.

"आमची बी पूजेतच हाये, बाई," तो हळू म्हणाला.

बयनाबाई उठली, पाटापाशी गेली, हात जोडले आणि कुऱ्हाड उचलली. "देवी काई म्हनत नाई. तिनं बी महिषासुराले, थ्या हेल्याले मारलं, थे काय पूजा सोडून बसली व्हती?" तिनं कुऱ्हाड पंढरीच्या हातात दिली. "बाज घ्या."

खोपीतली सुताच्या दोऱ्यांनी विणलेली बाज बाहेर आली. जखमी डुकरापुढं जायची त्या गावातली हीच रीत: दोघांनी बाज उभी धरायची ढालीसारखी, आणि तिसऱ्यानं बाजूनं जाऊन घाव घालायचा. पंढरीच्या हातात कुऱ्हाड होती. बाजेचा एक पाय बयनाबाईनं धरला. दुसरा धरायला बांधावरून कुणी उठेना.

वनमालानं चप्पल काढली आणि धरला.

"बाई, तुमी राहू द्या," बयनाबाई म्हणाली.

"चल."

आत शिरल्यावर आधी माश्या लागल्या. मग वास. तो तिच्या ओळखीचा होता. पोटातली आतडी फाटली की येतो तो. गोळी पोटाच्या खाली, मागं लागली होती. दोन ओळींच्या मध्ये ती डुकरीण पडली होती. मादी होती, आचळं भरलेली. मागचे पाय मेलेले, पुढचे चिखल उकरून उकरून तिथं खड्डा झालेला. त्यांना पाहताच तिनं मान वर केली आणि पुढच्या पायांवर उसळली. बाजेवर धाडकन आदळली. दोरीतून तिचं नाक वनमालाच्या बोटांना लागलं. गरम आणि ओलं.

"दाबा!" पंढरी ओरडला. "बयना, खाली दाब!"

दोघींनी अंगाचा भार टाकून बाज खाली रेटली. पंढरी बाजूनं आला. एक घाव कानाजवळ निसटला, दुसरा डोक्यात बसला. तिसरा घालावा लागला नाही.

पंढरीनं कुऱ्हाड मक्याच्या पानांना पुसली. मग बयनाबाईनं डुकरिणीच्या आचळांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "पिलं असतीन कुठंतरी," ती म्हणाली.

बांधावरच्या बाया एकेक करून आत उतरल्या. कणसं मोडल्याचा कटकट आवाज सुरू झाला. वनमाला मोटारीच्या हौदावर हात धुवायला गेली. थोड्या वेळानं पंढरी तिच्यापाशी आला, कुऱ्हाड अजून हातातच.

"बाई, मी जंगलखात्याच्या बीट ऑफिसरले फोन केला. डुक्कर मेलं का त्याले सांगाच लागते, नाईतर मंग लफडं. त्यानं ईचारलं, परवानेवाल्यानं मारलं ना? मी हो म्हनलं. कुऱ्हाडीनं मारलं म्हनलं तं जंगलवाले मलेच नेतीन. बंदूकवाल्यालेच मारता येते, थसा कायदा हाये. मंग मी मालकाले बी फोन लावला. त्याईले यावंच लागीन."

"पूजेतून उठून?" वनमाला म्हणाली. "ते काही येत नाहीत."

ते आले. दुपार व्हायच्या आत गाडी आली. पुढं हेमचंद्र, शेजारी महिपतराव, आणि मागच्या सीटवर, दुहेरी चादरीवर, बंदूक. हेमचंद्रानं ती काढली. नळीवर हळदकुंकवाचे पट्टे तसेच होते. झेंडूची माळ मात्र काढली होती. चादरीवर दोन-तीन पाकळ्या चिकटल्या होत्या, त्या त्यानं झटकल्या.

वनमाला त्याच्याकडं पाहत राहिली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"कुठंय?" त्यानं पंढरीला विचारलं. डुकरीण ओढून बांधावर आणली होती. हेमचंद्र तिच्याभोवती फिरला. "बघा महिपतराव, बघा. काय धूड आहे! सांगितलं होतं ना तुम्हाला, ही वस्तू वाया जात नाही."

"मानलं बुवा," महिपतराव म्हणाले. "एका गोळीत?"

"एकाच."

पंढरी खाली मान घालून उभा होता. कुऱ्हाड त्यानं खोपीत बाजेखाली सारली होती. महिपतरावांना काही माहीत नव्हतं, हे वनमालाच्या ध्यानात आलं. आणि हेमचंद्रानं ती कशी मेली हे एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

हेमचंद्राचा फोन वाजला. बीट ऑफिसर होता. दुसऱ्या गावी अडकला होता, डुक्कर पुरायच्या वेळेलाही पोचेल असं नव्हतं. पुरण्याआधी बंदूकवाला आणि जनावर एकत्र असा फोटो पाठवा म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

"सर, आपने ही मारा ना?"

"मीच. म्हणजे, मैंने ही," हेमचंद्र म्हणाला. आवाज स्वच्छ, जरासा मोठा. पंढरीला वाचवायचं म्हणून तो खोटं बोलला असता तर वनमालानं त्याला बरंच काही माफ केलं असतं. पण पंढरीला काही धोका आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"और कोई था साथ में? गवाह चाहिए."

हेमचंद्रानं फोन वनमालापुढं केला, माईक धरावा तसा. पंढरीनं मान वर केली. मक्यातून बयनाबाई डोक्यावर कणसांची पाटी घेऊन बाहेर येत होती, तीही तिथंच थांबली.

"मैं थी," वनमाला म्हणाली. "मेरे सामने मारा. इन्होंने ही."

"ठीक है मॅडम. फोटो भेज दो."

बयनाबाईनं पाटी खाली उतरवली आणि दीर्घ श्वास सोडला. पंढरी सावकाश खोपीकडं गेला आणि तिच्या सावलीत उकिडवा बसला.

"वनमाला, तूच काढ फोटो," हेमचंद्र म्हणाला. "तुझा हात स्थिर असतो." तो डुकरिणीच्या पाठीमागं उभा राहिला, बंदूक आडवी धरून, छाती पुढं. महिपतराव हळूच फोटोत घुसले.

वनमालानं फोन डोळ्यांपुढं धरला. डुकरिणीच्या डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव उघडा होता. रुंद, सरळ कडांचा. गोळीचा नव्हे हे शाळकरी पोरानंही ओळखलं असतं. तिनं फोन खाली केला.

"पुढं या जरा," ती म्हणाली. "पाय तिच्या डोक्यावर ठेवा. कानाच्या इथं. अजून थोडा."

"असा?" हेमचंद्राचे डोळे चमकले. त्याला स्वतःला हे सुचलं नव्हतं. त्यानं बूट नीट कानावर टेकवला आणि हनुवटी वर केली.

"असाच. आता हलू नका."

तिनं एक फोटो काढला. मोठा करून पाहिला. बुटाच्या टाचेशेजारी घावाची एक कड दिसत होती. तिनं त्याला पाय किंचित डावीकडं घ्यायला सांगितलं आणि दुसरा काढला.